साडेतीनला बंद केलं, असं मी सांगितलं

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. आधी वाटलं, भाऊ जरा बरा झाला की त्यालाच सांगू. मग वाटलं, त्याचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग त्याच्या बायकोची तब्येत आड आली, मग पुतणीची बदली. टाळायचंच असलं की रोज काहीतरी सापडतं. आता मी पंचाहत्तरीला आलो. माझ्या धाकट्या भावाची वाचा गेली, उजवं अंग गेलं आणि शेवटी तोही गेला, त्यात त्याच्या बायकोची चूक झाली असं आमच्या नात्यात सगळे धरून चालतात. तिने स्वतःही तसंच धरलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती. कशी, ते क्रमाने लिहितो.

आम्ही विरारजवळच्या गास गावचे. वडिलांनी वाडीचे दोन भाग करून दिले, मधे विहीर सामाईक. माझ्या भागात अजून केळी आहेत, पानवेल आहे, थोडा सोनचाफा आहे. भावाने त्याचा भाग बिल्डरला दिला आणि विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्याचा भाग, त्याची मर्जी, हे आज कळतं. तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात भांडण आवाज चढवून होत नाही, अबोला धरतात. वडील त्यांच्या चुलतभावाशी अकरा वर्षं बोलले नव्हते आणि त्याच्या मयताला मात्र खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होते. आम्ही दोघे त्याच घरचे. आमचा अबोला नऊ वर्षं चालला.

तो मोडला भावाला आलेल्या अर्धांगाच्या पहिल्या झटक्याने. बातमी कळल्यावर फोन मीच केला होता. तो पलीकडून काहीतरी म्हणाला, पण शब्द जाड येत होते, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसे. तेव्हा वेळेत उपचार झाले. बोलणं पुरतं सुधारलं, चालायलाही लागला. फक्त उजव्या हाताची मूठ मिटली की उघडायला वेळ लागायचा.

त्याची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा अंधेरीला नोकरीला होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं की हात खांद्याच्या वर जाईल आणि मूठ उघडेल असं काहीतरी रोज करायला हवं. चेंडू फेकायला भाऊ कंटाळायचा. म्हणून पुतणीने डोळ्यांवर बांधायचा तो डबा आणला. हेडसेट म्हणतात त्याला, आम्ही डबाच म्हणायचो. दोन्ही हातांत एकेक बटणांची मूठ धरायची आणि आपण खोलीत उभे असलो तरी डोळ्यांपुढे दुसरंच जग. तिने एक डबा मलाही आणून दिला.

"मोठे काका, बाबा एकटे खेळत नाहीत. समोर कोणीतरी ओरडायला लागतं त्यांना."

"मी ओरडलो तर तो ऐकेल होय?"

"तुमचंच ऐकतील. दुसऱ्यांना तर ते शिव्या घालतात."

खेळ तिच्या ऑफिसातल्या पोरांचा होता. ओसाड पडलेलं एक शहर, त्यात मेलेली माणसं उठून चालत येतात. तासाभरात दहा लाटा येतात, प्रत्येक लाटेत आधीपेक्षा जास्त. आपण दोघांनी जगून दाखवायचं. बंदूक मला जमली नाही, चष्म्यामुळे नेम लागेना. पण छातीवरच्या पट्ट्यात हातबॉम्ब होते, ग्रेनेड. ते मात्र मला पहिल्या आठवड्यातच जमले. चाळीस वर्षं मी भाताच्या शेतात गोफण फिरवलीय, अंतर हाताला कळतं.

भावासाठीही ग्रेनेडच बरा होता. पट्ट्यातून उजव्या हाताने काढायचा, डाव्या हाताने पिन ओढायची, हात खांद्याच्या मागे न्यायचा आणि फेकताना मूठ उघडायची. मूठ उघडली नाही तर बॉम्ब सुटत नाही, हातातच फुटतो. व्यायामवाल्या बाई जे सांगत होत्या तेच. पहिले पंधरा दिवस तो रोज स्वतःला उडवून घ्यायचा.

"अरे टाक की! काय अंडं उबवतोस काय हातात?"

"दादा, बोटं ऐकत न्हाईत."

"मग बोटांना सांग, दादा बघतोय."

"तू बघतोस म्हनूनच ऐकत न्हाईत ती."

उबवणं हा शब्द मग आमचा झाला. पिन ओढल्यावर चार सेकंदांनी बॉम्ब फुटतो. लगेच फेकला तर तो जमिनीवर लोळत राहतो आणि ते मेले त्याला ओलांडून पुढे येतात. म्हणून दोन सेकंद हातात उबवायचा आणि मग सोडायचा, म्हणजे पडता पडता फुटतो. सगळ्यात जवळच्यावर टाकायचा नाही, तो फुटेपर्यंत तुमच्या अंगावर आलेला असतो. तिसऱ्या रांगेच्या पायांत टाकायचा. जिन्यात थेट फेकायचा नाही, भिंतीवर आपटून वळवायचा. आणि एकट्यादुकट्यावर वाया घालवायचा नाही. ते आवाजाकडे येतात, म्हणून एकाने पत्रा वाजवायचा, ते दारात दाटले की दुसऱ्याने टाकायचा. थांबता आलं पाहिजे, बाकी सगळं सोपं आहे. हे मी भावाला एखाद्या मास्तरासारखं शिकवलं. दुपारी चारला केळी-पानाचं काम आटपून मी माल निवडायच्या खोलीत उभा राहायचो, तो त्याच्या हॉलमध्ये. मी दोनदा पंख्याला हात मारून बोटं सोलून घेतली, त्याने शोकेसची काच फोडली. त्याची बायको मागून म्हणालेली मला डब्यात ऐकू आली होती, "भुतं मारा, कपबश्या नका मारू."

समोरासमोर आम्ही तेव्हाही फारसं बोलत नव्हतो. सणाला गेलो तर तो टीव्हीकडे बघायचा, मी पेपर वाचायचो. पण डबा बांधला की सगळं सुटायचं. तो मला वडिलांच्या नकला करून दाखवायचा. नऊ वर्षांत साठलेलं सगळं मेल्यांच्या गर्दीत उभं राहून बोलून झालं, एक जमिनीचा विषय सोडून.

खेळात आम्ही एक नियम पाळायचो, तो विहिरीचा होता. तरुणपणी आम्ही दोघे दर उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचो. एक खाली, एक वर दोर धरून. खाली कधी कधी वायू असतो, माणूस गुपचूप बसल्याबसल्या जातो. म्हणून वडिलांनी शिकवलं होतं, वरच्याने मधून मधून विचारायचं, "हाय का?" आणि खालच्याने म्हणायचं, "हाय." उत्तर आलं नाही तर विचार करत बसायचं नाही, दोर ओढायचा. खालचा रुसलाय की मस्करी करतोय, ते तो वर आल्यावर बघू. खेळात एक जण भिंतीपलीकडे असला की आम्ही हेच करायचो. बॉम्ब टाकण्याआधी "हाय का?" "हाय." मगच टाकायचा, नाहीतर आपल्याच बॉम्बने आपला माणूस उडतो.

तो दिवस निर्मळ गावच्या जत्रेतला. भावाची बायको शेजारणींबरोबर दुपारी जत्रेला गेली होती. झटका आल्यापासून दीड वर्षात ती पहिल्यांदाच घर सोडून एवढा वेळ बाहेर पडली होती, आणि ती पडावी म्हणून भावानेच आग्रह केला होता. जाताना तिने मला फोन केला. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी फार बोलत नाही. ती माझ्यासमोर पदर घेऊन दाराच्या कडेला उभी राहायची, मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. फोनवरही तिने एवढंच म्हटलं, "दादा, चारला खेळाल ना? म्हणजे मला काळजी नाही."

"जा तू," मी म्हणालो. "मी आहे."

चारला आम्ही सुरू केलं. भाऊ मजेत होता. आम्ही आठव्या लाटेपर्यंत आलो, तिथून पुढे आधी कधी गेलो नव्हतो. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात मी वर होतो, तो खालच्या बोळात पत्रा वाजवायला. त्याच्याकडून एक बॉम्ब वाया गेला, रिकाम्या दारात पडला. मी चिडलो आणि खेळ सोडून भलतंच बोललो.

"तुला हातातलं जपायचं माहीतच नाही. वाडी अशीच उडवलीस."

तो म्हणाला, "दादा, ते आज नको." स्पष्ट म्हणाला, प्रत्येक शब्द वेगळा. ते त्याचं शेवटचं नीट वाक्य. तेव्हा पावणेपाचला थोडा वेळ असेल.

पुढची लाट आली. मी विचारलं, "हाय का?"

"आ...य."

शब्द जाड होता, गरम बटाट्याचा. तो आवाज मी ओळखत होतो. आधी एकदा ऐकलेला होता, फोनवर. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मला वाटलं तो केळं खातोय, वेडावून दाखवतोय. तसं वाटलं हे खोटं नाही. पण त्याच्या आधी, एक क्षण, मला कळलं होतं. तो क्षण मी बाजूला सारला, कारण नववी लाट होती आणि कारण मी नुकताच त्याला लागेल असं बोललो होतो.

मी पुन्हा विचारलं, "हाय का?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं नाही. घरचा अबोला मला पाठ होता, मी म्हटलं, रुसला. खाली वाकून बघितलं तर त्याची आकृती बोळात नुसती उभी. उजवा हात खाली लोंबत होता, मान एका बाजूला. त्याने पत्रा वाजवून ठेवला होता, म्हणून सगळे मेले त्याच्याकडे निघाले आणि त्याच्याभोवती दाटले. तीसएक असतील, एकाला एक लागून. असा घोळका सहा महिन्यांत कधी मिळाला नव्हता. मी पिन ओढली, दोन सेकंद उबवला आणि जिन्याच्या भिंतीवर आपटून बरोबर मधोमध टाकला. सगळे पडले. त्यांत तोही पडला. दहावी लाट मी एकट्याने काढली. आयुष्यात तसा हात कधी बसला नव्हता.

"बघितलंस?" मी मोठ्याने म्हणालो. "याला टाकणं म्हणतात."

पलीकडून श्वासाचा आवाज येत होता, घोरल्यासारखा. मी डबा काढला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी होते. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आपण आधी बोलायचं नाही, हे आमचं जुनंच. मग पानवेलीला पाणी सोडायला गेलो.

भावाची बायको साडेसातला घरी आली. बस गर्दीची म्हणून एक सोडली, आणि त्याला आवडतात म्हणून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायला थांबली होती. तो सोफ्याशेजारी जमिनीवर पडलेला होता, डबा डोळ्यांवर तसाच. शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून खाली उतरवलं. पुतणी स्टेशनवरून थेट हॉस्पिटलात पोचली. आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा मला फोन आला.

"काका, बाबांना परत झटका आलाय. तुम्ही खेळत होतात ना? ते शेवटचे नीट कधी बोलले? डॉक्टर विचारतायत. लवकर सांगा."

खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की पावणेपाचला तो नीट बोलला, नंतर नीट बोलला नाही, ते मी ऐकलं, आणि ऐकूनही मी खेळत राहिलो. माझ्या तोंडातून आलं, "साडेतीन. आज लवकर खेळलो, साडेतीनला बंद केलं आम्ही. त्याला झोप येत होती."

"नक्की साडेतीन?"

"हो. मग मी वाडीत गेलो."

पंधरा मिनिटांनी ती रडत फोनवर होती. रक्तातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते म्हणे माणूस शेवटचा नीट होता त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. साडेतीनपासून धरलं तर ती वेळ आठलाच संपली होती. "पंचवीस मिनिटांनी वेळ गेली, काका. आई एक बस आधी धरून आली असती तर..."

मी भिंतीवर बघितलं. पावणेपाचचा हिशेब धरला तर सव्वानऊपर्यंत वेळ होती. आठ पंचवीस झाले होते. एक वाक्य बोलायचं होतं, "अगं, मी चुकलो, पावणेपाच." एवढंच. कारण नंतर विचारलं असतं, तेव्हा दुसरं काही सुचलं असतं. मी फोन हातात धरून बसलो. साडेआठ झाले. पुतणीचा नंबर काढला, दाबला नाही. नऊला दहा कमी असताना मी स्वतःला सांगितलं की आता स्कॅन वगैरे करण्यातच वेळ जाईल, आता सांगून काय उपयोग. सव्वानऊ वाजले तेव्हा, लिहायला लाज वाटते, मला हलकं वाटलं.

इंजेक्शनने तो बरा झालाच असता असं कोणी सांगू शकत नाही. ही पळवाट मी हजारदा वापरली आहे. पण ते त्याला मिळालंच नाही, ते माझ्यामुळे. डब्यात खेळाची वेळ नोंदलेली राहते, हे पुतणीनेच मला पूर्वी दाखवलं होतं. तिने ती कधी उघडून पाहिली नाही. मोठ्या काकांच्या शब्दावर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

भाऊ त्यानंतर चौदा महिने होता. बोलणं गेलं ते गेलंच. मी आठवड्याला जायचो. त्याला समजत होतं सगळं, डोळे फिरायचे. तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मी त्याला वाडीतल्या गोष्टी सांगायचो, कुठला घड किती फण्यांचा झाला वगैरे, न थांबता, म्हणजे खोलीत शांतता होऊ नये. खोलीत दुसरं कोणी नसताना मी कधीच बसलो नाही.

आणि त्याची बायको, जो कोणी भेटायला येईल त्याला दाराशी उभी राहून तेच सांगायची. "मी जत्रेला गेले. मी एक बस सोडली." बायका म्हणायच्या, "असू दे गं, नशीब." म्हणायच्या आणि आपसांत बघायच्या. माझ्या थोरल्या बहिणीने तर तेराव्याला तिच्या तोंडावर म्हटलं, "नवरा आजारी टाकून कोन जातं जत्रेला?" मी तिथेच बसलो होतो, हातात चहा होता. तिने माझ्याकडे बघितलं. घरातला थोरला काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असेल. मी चहा प्यायलो.

त्यानंतर मी तीनदा विरारला फक्त हे सांगायला म्हणून गेलो. एकदा खालच्या वॉचमनशी बोलून परतलो. एकदा वर गेलो, तिने चहा केला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी म्हणालो, "त्या दिवशीचं सांगायचं होतं." ती लगेच म्हणाली, "दादा, तो दिवस नका काढू. मला रात्रभर झोप येत नाही मग." मला तेवढं कारण पुरलं. तिसऱ्यांदा घर बंद होतं, आणि मला बरं वाटलं.

गेल्या वर्षी पुतणीची पुण्याला बदली झाली. आईला ती घेऊन जाणार होती. निघायच्या आदल्या सकाळी दोघी वाडीवर निरोप घ्यायला आल्या. पुतणी केळीचा घड गाडीत ठेवायला गेली. ओटीवर मी आणि भावाची बायको, दोघंच. एवढ्या वर्षांत असे एकटे आम्ही कधी समोर आलो नव्हतो. ती फार वाळली होती. पदर सावरून ती खाली वाकली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना.

"दादा, तुम्ही थोरले," ती म्हणाली. "तुमचा भाऊ माझ्या उशिरामुळे गेला. तुम्ही एका शब्दाने कधी बोलला नाहीत मला. सगळे बोलले, तुम्ही नाही. मला माफ करा, म्हणजे मला इथून जाता येईल."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गेटजवळ गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "माफ केलं. जा."

ती रडली, आणि तिचे खांदे खाली आले, ओझं उतरवावं तसे. माझ्या चुकीची माफी मीच तिला दिली आणि ती तिने दोन्ही हातांनी घेतली.

या आषाढात पुतणीचा फोन आला. तिची आई झोपेतच गेली होती. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही माफ केलंत त्यानंतर आई जरा बरी जेवायला लागली होती." त्या वाक्यानंतर मी हे लिहायला बसलो. पुतणी हे वाचेल. तिने माझ्याशी पुढे बोलावं असं मी मागत नाही.

त्या सकाळी ओटीवर मला जे म्हणायचं होतं, ते हे.

उठ गं. तुला उशीर झाला नव्हता. तू दार उघडलंस तेव्हा अजून दीड तासाच्या वर वेळ होती, आणि ती तू घालवली नाहीस, मी घालवली. तो पावणेपाचपर्यंत माझ्याशी नीट बोलत होता. मी साडेतीन सांगितलं. मला ऐकू आलं होतं. तुझ्यावर इतकी वर्षं जे बोललं गेलं ते सगळं माझं होतं आणि मी चहा पीत बसलो. पाया तू नको पडूस. मला माफ कर.